बांधलेलं टर्बो इंजिन पुन्हा पुन्हा बेअरिंग का खातं? तिसऱ्यांदा उघडण्याआधी काय तपासायचं

तक्रार साधारण एकाच चालीची असते. टर्बो पेट्रोल गाडी. कंपनीचं इंजिन एकदा गेलं किंवा ताकद कमी वाटायला लागली, म्हणून मालकाने हौसेने इंजिन बांधून घेतलं. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन, पिस्टनला क्रँकशी जोडणारे एच-बीम रॉड, मोठे स्टड, वर नवा रीमॅप (इंजिनच्या संगणकातला बदललेला प्रोग्राम). पहिले काही महिने गाडी झकास पळते. मग एके दिवशी घाट चढून आल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो. अडीच-तीन हजार आरपीएमला ॲक्सिलरेटर सोडताना खालून बारीक टकटक येते. इंजिन उघडलं की दोन नंबर किंवा तीन नंबर रॉडचं बेअरिंग तांबं दाखवत असतं. नवे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल चकत्या) घालून, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) पॉलिश करून पुन्हा बांधतात, आणि काही हजार किलोमीटरवर पुन्हा तेच. तोवर मालकाचं मत पक्कं झालेलं असतं, की कस्टम इंजिन टिकतच नाही, कंपनीचं ते कंपनीचं.

मला हे मत मान्य नाही. पण त्यामागचा अनुभव खरा आहे, म्हणून त्याचं कारण नीट शोधायला हवं. नव्वद टक्के लोक इथे आणखी मजबूत पार्ट मागवतात. रॉड आधीच गरजेपेक्षा मजबूत होता. इंजिन रॉडने मारलेलं नाही.

आधी कंपनीचं इंजिन कशावर टिकतं ते पाहू. होंडा आणि निसानच्या अनेक इंजिनांवर ब्लॉकवर आणि क्रँकवर अक्षरं किंवा आकडे ठोकलेले असतात. कारखान्यात प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) आणि प्रत्येक घर (बेअरिंग बसतं ती गोल जागा) मोजून झाल्यावर पडलेली ती खूण असते. त्यावरून कोष्टक बघून शेल निवडायचा: लाल, गुलाबी, पिवळा, हिरवा, तपकिरी, काळा, निळा. दोन रंगांच्या जाडीत काही मायक्रॉनचाच फरक. म्हणजे एकाच क्रँकवर चार जर्नलना चार वेगळे शेल बसू शकतात. आपल्याकडे बांधताना मात्र बाजारातून ‘स्टँडर्ड’ असा एकच पुडा येतो आणि चारही जागी तोच बसतो. क्लीअरन्स, म्हणजे जर्नल आणि शेलमधली ऑइलची फट, मग जो येईल तो.

हाताने बांधणं हा दोष नाही. मर्सिडीज-एएमजीच्या आफाल्टरबाखमध्ये एक माणूस एक इंजिन पूर्ण जोडतो. निसान जीटी-आरचं व्हीआर३८ इंजिन योकोहामात एकेक कारागीर बांधायचा आणि त्यावर त्याच्या नावाची पाटी लागायची; ती गाडी २०२५ मध्ये बंद झाली. फरक एवढाच, की तिथे प्रत्येक माप नोंदलेलं असतं, आणि त्याच रचनेची इंजिनं आधी टेस्ट बेडवर पूर्ण लोडखाली शेकडो तास चालवून, गरम-थंड करून तपासलेली असतात. टोयोटाचं २जेझेड-जीटीई जपानात २८० पीएसला विकलं जायचं. त्याच्या मूळ क्रँक-रॉडवर लोक दुप्पट ताकद काढतात, कारण लोखंडी ब्लॉक, क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी सात मेन बेअरिंगं आणि ऑइलची व्यवस्था मुळातच सढळ हाताने केलेली आहे.

कंपनीचीही इंजिनं फसतात, हे सांगायलाच हवं. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३मधल्या एस५४ इंजिनाला सुरुवातीच्या वर्षांत रॉड बेअरिंगचा त्रास होता आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. पोर्शेच्या ९९६ आणि बॉक्स्टरमधलं आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंग जगभर गाजलं. पण कंपनीचा दोष हजारो गाड्यांत एकाच जागी दिसतो, त्यामुळे त्याचं कारण सापडतं आणि इलाजही ठरतो. तुमच्या बांधलेल्या इंजिनाचा दोष फक्त तुमच्याच इंजिनात आहे. तो तुम्हालाच शोधावा लागणार, आणि पुरावे तिथेच पडलेले असतात.

गाडी अजून चालते आहे तोवर

ऑइल फिल्टर काढा आणि उघडा. हॅकसॉने कापू नका, कापताना पडणारा चुरा आतल्या चुऱ्यात मिसळतो. पत्रा कापायच्या कात्रीने किंवा फिल्टर कटरने डबा उघडून कागदाच्या घड्या पांढऱ्या कापडावर पसरा, उन्हात धरा. नंतर खालून चुंबक फिरवा. चिकटणारा बारीक चुरा क्रँक, रिंगा, कॅम किंवा ऑइल पंपाचा. न चिकटणारी मऊ चमचम बेअरिंगची किंवा ॲल्युमिनियमची. तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतलं तांबं लागलंय, किंवा टर्बोचा बुश जातोय. तांबूस कण दिसल्यावर गाडी चालवू नका. याच टप्प्यावर थांबलात तर क्रँक वाचतो.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, तो फार उशिरा लागतो. ऑइल स्विचच्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मोजा. दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार, हा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी आहे. थंड असताना छान आणि गरम झाल्यावर निम्मं, असं दिसलं तर क्लीअरन्स मोठा आहे, ऑइल पातळ झालंय किंवा पंप थकलाय. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढत असेल तर रीमॅप गरजेपेक्षा रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त सोडतोय, आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. असं ऑइल कितीही महागडं असलं तरी बेअरिंगवर थर धरत नाही.

स्पार्क प्लग काढून भिंगाखाली चिनी मातीवर बघा. मिठाच्या कणांसारखे चमकदार ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, म्हणजे इंजिन नॉक करतंय (मिश्रण आपोआप, धडाक्याने पेटतंय). लीकडाउन टेस्टही (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजणं) करून घ्या. दहा टक्क्यांच्या आत गळती ठीक, वीसच्या वर असेल तर कान लावा: ऑइल फिलरमधून फुसफुस म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट.

उघडल्यावर: शेल वाचायला शिका

मिस्त्री जुने शेल भंगारात टाकतो, तिथेच तपास संपतो. प्रत्येक शेल, वरचा-खालचा, कुठल्या सिलिंडरचा, मार्करने लिहून ओळीत मांडा. रॉडच्या वरच्या शेलवर स्फोटाचा दाब येतो. खालच्या शेलवर जास्त आरपीएमला पिस्टन-रॉडच्या वजनाची ओढ येते. वरचाच शेल चेपलेला, मधोमध ठोकल्यासारखा असेल तर कारण नॉकिंग किंवा कमी आरपीएमला जबरदस्तीने घेतलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब). खालचा खराब असेल तर इंजिन ओव्हर-रेव्ह झालंय. दोन्ही शेल काळवंडून पुसल्यासारखे असतील तर ऑइल पोचलंच नाही. शेलमध्ये रुतलेले कण आणि गोल गोल ओरखडे असतील तर कचरा. एकाच कडेला झीज असेल तर जर्नल निमुळता झालाय किंवा रॉड वाकलाय. शेल बारकाईने बघायला पंधरा मिनिटं लागतात आणि निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

मागच्या मोडतोडीचा चुरा

दुसऱ्यांदा जाणाऱ्या इंजिनांत मला हेच कारण सर्वांत जास्त दिसतं आणि याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण ते पूर्ण टाळता येतं. पहिल्यांदा बेअरिंग गेलं तेव्हा त्याचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरला. ब्लॉक धुतला, क्रँक धुतला, पण ऑइल कूलर तोच राहिला. कूलरच्या आतल्या बारीक पातींत अडकलेला चुरा कुठल्याही द्रवाने पूर्ण निघत नाही. नवं इंजिन सुरू झालं, ऑइल तापलं, की तोच चुरा हळूहळू नव्या शेलमध्ये येतो. बेअरिंग आपल्या घरातून सुटून फिरलं असेल तर ऑइल कूलर नवाच घ्या, यात तडजोड नाही. टर्बो उघडून साफ करून घ्या, त्याची ऑइल फीड नळी बदला. व्हॅल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या सोलेनॉइडच्या जाळ्या बघा.

ब्लॉकचे ऑइल गॅलरीचे प्लग काढल्याशिवाय धुणं म्हणजे न धुणंच. होनिंगनंतर (सिलिंडर दगडाने बारीक घासल्यावर) फक्त रॉकेल किंवा डिझेलने पुसलं तर दगडाची पूड सिलिंडरच्या रेघांत तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि नायलॉनचा ब्रश हवा. मग लगेच वाळवून ऑइलचा हात फिरवायचा आणि पांढरं कापड राखाडी होणं थांबेपर्यंत पुसत राहायचं. क्रँकच्या ऑइलच्या भोकांतूनही बारीक ब्रश घाला, ग्राइंडिंगची पूड तिथेच दडते.

क्लीअरन्स, आणि क्रँक ग्राइंडिंगची खरी किंमत

रॉड आणि मेन बेअरिंगला जर्नलच्या व्यासाच्या एक हजारांश एवढी फट, हा सुरुवातीचा ठोकताळा. ४५ मिमी जर्नलला ०.०४५ मिमी. आता कुणी म्हणेल, ०.०६५ झाली तर काय बिघडलं? बेअरिंगमधून वाहून जाणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ०.०४५ची फट ०.०६५ झाली की त्या जागेतून सुमारे तिप्पट ऑइल निघून जातं. एका मेन बेअरिंगची फट वाढली की पंपाचा दाब तिथेच संपतो आणि शेवटच्या रॉडपर्यंत ऑइल पोचत नाही. गेलं दुसरंच बेअरिंग, गुन्हेगार वेगळंच. ‘त्याच नंबरचं बेअरिंग का जातं’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा शेजारच्या मेनमध्ये असतं.

प्लास्टिगेज (चेपून फट दाखवणारी प्लास्टिकची बारीक दोरी) ही फक्त ढोबळ खातरजमा. खरं माप मायक्रोमीटरने जर्नलचं, आणि शेल बसवून, बोल्ट पूर्ण टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळून, डायल बोअर गेजने घराचं. जर्नल दोन दिशांनी आणि तीन ठिकाणी मोजा. घर उभ्या रेषेत मोजा, जिथे शेल एकमेकांना भेटतात तिथे नाही, तिथे शेल मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. शेलमागे कागद घालणं, पत्र्याची पट्टी घालणं, कॅप (बेअरिंगवर बोल्टने आवळलेलं झाकण) कानशीने घासून फट बसवणं, असं कुणी सुचवलं तर तिथून ब्लॉक उचला.

क्रँक ग्राइंड करून अंडरसाइझ शेल घालणं ट्रकच्या डिझेल इंजिनाला वर्षानुवर्षं चालत आलंय. परफॉर्मन्स इंजिनांचे बरेच क्रँक मात्र नायट्राइड केलेले (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेले) असतात आणि कडक थर अगदी वरवरचा असतो. तो ग्राइंडिंगमध्ये उडाला की खाली मऊ लोखंड राहतं, आणि ते बेअरिंग खातं. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाईही जपावी लागते. तिथे धारदार कोपरा राहिला तर पुढे क्रँक तिथूनच तडकतो. बेअरिंग फिरलेल्या टर्बो इंजिनाला मी शक्य तिथे ग्राइंड केलेला क्रँक टाळतो आणि कंपनीचा नवा किंवा मोजून चांगला निघालेला जुना घेतो.

मोठे स्टड घातल्यावर बदललेलं घर

ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. मूळ मेन बोल्टच्या जागी जास्त ताणाचे स्टड घातले की कॅप वेगळ्या दाबाने आवळली जाते आणि मेनचं घर किंचित अंडाकृती होतं. त्यामुळे स्टड बदलले की लाइन होनिंग (मेनची सगळी घरं एका रेषेत घासून गोल करणं) तपासणं आलंच. रॉड बोल्ट बदलले तर रॉडचं मोठं टोक पुन्हा मोजावं लागतं. पेटीतून आलेले महागडे रॉडही मोजा. आणि टॉर्कचा आकडा ज्या ग्रीसवर दिलाय तेच ग्रीस लावा. मॉलीच्या ग्रीसचा आकडा इंजिन ऑइलवर वापरला तर बोल्ट कमी ताणला जातो. रॉड बोल्टचा ताण गेजने लांबी मोजून बघणं सर्वांत खात्रीचं.

सिलिंडरलाही हाच न्याय. हेड आवळल्यावर बोअर वाकतो, म्हणून होनिंगच्या वेळी वर जाड टॉर्क प्लेट आवळून घ्यावी लागते. गावाकडच्या चांगल्या बोअरिंगवाल्याकडेही ती प्रत्येक इंजिनाची नसते. करून घ्यावी लागते, आणि तो खर्च पिस्टनच्या नावापेक्षा जास्त कामाचा आहे. रिंगची फट साध्या इंजिनाला बोअरच्या ०.४ टक्के, टर्बोला ०.५ ते ०.६ टक्के. ८० मिमी बोअरला म्हणजे टर्बोसाठी ०.४० ते ०.४८ मिमी. कमी ठेवली तर बूस्टवर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची रिंगेची कड तुटते. ते पाहून लोक पिस्टनलाच दोष देतात.

ऑइल पोचतं का?

चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा डबा) काढा आणि पंपाच्या तोंडाची स्ट्रेनरची जाळी बघा. लाल-करड्या सिलिकॉनचे गोळे तिथे सापडले तर कारण मिळालं. चेंबर चिकटवताना सढळ हाताने लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला ओघळतं आणि तुटून जाळीत बसतं. पातळ रेघ पुरते.

ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला सुटताना किंवा ताम्हिणीच्या वळणांवर चिकट टायर लावून जोर काढताना ऑइल चेंबरच्या एका भिंतीवर चढतं आणि जाळी उघडी पडते. कंपनीच्या चेंबरमधले पडदे कंपनीच्या टायरच्या पकडीसाठी केलेले असतात. पकड वाढवली तर पडदेही वाढवा.

आणि कृपा करून क्रँकची रबर असलेली पुली काढून हलकी ॲल्युमिनियमची बसवू नका. ती पुली क्रँकच्या पिळाची कंपनं मारते. ती गेली की कंपनं बेअरिंगवर आणि ऑइल पंपाच्या गिअरवर येतात. निसानच्या आरबी२६ला सुरुवातीच्या आर३२मध्ये ऑइल पंप फिरवणारा क्रँकचा भाग आखूड होता, आणि जोर काढणाऱ्यांचे पंपाचे गिअर फुटायचे. तिथे पिस्टन बदलून उपयोग नव्हता. पंपाला पुरेसा रुंद आधार देणं हाच इलाज होता.

रीमॅप आणि आपलं पेट्रोल

फोर्ज्ड पिस्टन कोणत्या मिश्रधातूचे आहेत ते विचारा. २६१८ जातीत सिलिकॉन जवळजवळ नसतं, तो तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला भिंतीपासून जास्त फट द्यावी लागते. थंड इंजिनात तो खडखडतो. कंपनीच्या नॉक सेन्सरला ती खडखड नॉकसारखीच वाटते. मग ट्यूनर सेन्सरची संवेदनशीलता कमी करतो, आणि खरं नॉक झाल्यावरही इंजिन टायमिंग मागे घेत नाही. वरचा शेल चेपलेला सापडला तर ट्यूनरला पहिला प्रश्न हाच करा. रोज शहरात चालणाऱ्या गाडीला बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असलेला ४०३२ चा पिस्टन मला जास्त योग्य वाटतो.

जुना मॅप ई१० (दहा टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर झाला असेल आणि आता टाकीत ई२० जात असेल तर तोही तपासा. एक भाग पेट्रोलला हवेचे वजनाने आदर्श भाग ई१०ला साधारण १४.१, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच पिचकारीवर इंजिन सुमारे चार टक्के लीन (पेट्रोल कमी पडून) चालतं. मंद गतीत सेन्सर सांभाळून घेतो. फुल थ्रॉटलला सेन्सरचं ऐकायचं नाही असं मॅपमध्ये असेल तर फटका तिथेच बसतो, आणि नेमका तिथेच बूस्ट सर्वांत जास्त असतो. लॉगमध्ये नॉक रिटार्ड (नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग), लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), इंधनाचा दाब आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान, हे चारही उन्हाळ्याच्या दुपारी बघा. जानेवारीच्या पहाटे काढलेला लॉग मे महिन्यात कामाचा नाही.

थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनांत पाचव्या-सहाव्या गिअरला दीड हजारावर पाय दाबायची सवयही मोडा. कमी आरपीएमला आपोआप पेट घेणारं मिश्रण एका फटक्यात पिस्टन फोडू शकतं. ऑइल एपीआय एसपी दर्जाचंच वापरा, तो दर्जा या त्रासाचा विचार करून आलाय.

पुन्हा बांधायचं की कंपनीचा ब्लॉक घ्यायचा?

मेनची रेषा बिघडली असेल, एखादी कॅप निळी पडली असेल किंवा बोअर शेवटच्या ओव्हरसाइझच्या पुढे गेला असेल, तर मी कंपनीचा शॉर्ट ब्लॉक (हेडशिवायचं, क्रँक-पिस्टन बसवलेलं इंजिन) घ्यायला सांगेन आणि ताकद माफक ठेवायला सांगेन. रांजणगावात बांधली गेलेली अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली ती १३६८ सीसीच्या टी-जेट इंजिनातून १४५ हॉर्सपॉवर घेऊन. तेवढ्याच सीसीचं टी-जेट लिनियात ११४ द्यायचं. दीडशेच्या आसपास हवी असणाऱ्याला फोर्ज्ड पार्टची गरजच नाही, नीट थंड होणारी हवा, चांगलं ऑइल आणि शहाणा मॅप पुरतो. त्याच्या दुप्पट हवी असेल तरच बांधा, आणि मग मापाचे पैसे पार्टच्या पैशांआधी बाजूला काढा.

बांधून घेताना बांधणाऱ्याकडून कागद मागा: प्रत्येक मेन आणि रॉडची फट, पिस्टनची फट, रिंगची फट, बोल्टचा ताण, सगळं हाताने लिहिलेलं. चांगला माणूस हा कागद आनंदाने देतो, कारण पुढच्या वेळी तोच त्याला वाचवतो. कागद नाही म्हणणाऱ्याकडे इंजिन सोडू नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, इंधन बंद ठेवून स्टार्टरने ऑइलचा दाब येईपर्यंत फिरवा. सुरू झाल्यावर तासभर आयडलला ठेवू नका, रिंगा लोडवरच बसतात. साधं मिनरल ऑइल, बूस्ट कमी, वेग कमी-जास्त करत चालवा. पहिलं ऑइल शंभर किलोमीटरच्या आत काढा आणि फिल्टर कापा. थोडी चमचम असेल, ती चालते. पाचशे किलोमीटरला पुन्हा कापा. आता कागद स्वच्छ हवा. तांबूस काही दिसलं तर टकटक ऐकू यायची वाट न बघता त्याच दिवशी गाडी बंद करून चेंबर उतरवा. त्या वेळी फक्त शेल बदलावे लागतात.